३.४ ध्वनिमुद्रणातील लयभंग : निदान व उपाय

विद्यार्थी मित्रहो, बाह्य तालयंत्र संगणकाशी जोडून ध्वनिमुद्रण करताना लय बिघडली, तर उत्तम गायनही वाया जाते. अशा वेळी प्रथम दोषाचे स्वरूप पाहावे.

(अ) स्थिर अंतर : ताल आरंभापासून अखेरपर्यंत सारखाच मागे राहत असेल, तर तो विलंब होय. ध्वनीचे नमुने आधी बफरमध्ये साठतात व मगच पुढे जातात. प्रतिसेकंद ४८,००० नमुने घेताना ५१२ नमुन्यांचा बफर भरण्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. येथे बफर लहान करावा; आवाज तुटू लागल्यास किंचित वाढवावा.

(आ) वाढते अंतर : दोन्ही यंत्रे आपापल्या घड्याळानुसार चालत असतात. संगणकातून मिडी क्लॉक पाठवावा आणि तालयंत्रावर ‘एक्स्टर्नल’ हा पर्याय निवडावा. या क्लॉकमध्ये प्रत्येक क्वार्टर नोटमागे २४ स्पंद असतात. तालयंत्र त्यांच्यामागून चालते.

ध्यानात ठेवा : यंत्रे कितीही असोत, घड्याळ एकच असावे.