विश्लेषण : तरुण गुणवत्ता असूनही बाल्टिमोर ओरिओल्स प्लेऑफमध्ये अपयशी का?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये २०२३ साली १०१ सामने जिंकणारा बाल्टिमोर ओरिओल्स हा संघ २०२५ मध्ये ७५ विजय, ८७ पराभवांसह आपल्या गटात तळाला गेला. मे महिन्यातच व्यवस्थापक ब्रँडन हाइड यांना पद गमवावे लागले. भविष्यातील विजेता मानला गेलेला हा तरुण संघ अडखळला कुठे, याविषयी...

हा संघ उभा कसा राहिला?

बेसबॉलमध्ये नवोदित खेळाडूंसाठी आयपीएलसारखा लिलाव नसतो, ‘ड्राफ्ट’ असतो. त्यात तळाच्या संघांना आधी निवडीची संधी मिळते. ओरिओल्सने २०१८ मध्ये ११५, तर २०२१ मध्ये ११० सामने गमावले. त्यानंतरच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने त्यांना कॅचर ॲडली रचमन (२०१९) आणि जॅक्सन हॉलिडे (२०२२) मिळाले. दुसऱ्या फेरीत निवडलेला गनर हेंडरसन २०२३ मध्ये एकमताने सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

प्लेऑफचे गणित काय?

प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. ३० पैकी १२ संघ प्लेऑफ गाठतात. मात्र तेथील पहिली फेरी तीन, तर दुसरी पाच सामन्यांची. सहा महिन्यांची मेहनत दोन-तीन दिवसांत वाया जाऊ शकते. ओरिओल्सचे तेच झाले. २०२३ मध्ये टेक्सास रेंजर्सने त्यांना ३-० असे हरवले. २०२४ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध दोन सामन्यांत मिळून त्यांना एकच धाव करता आली.

उणीव कशाची?

२०१९ ते २०२४ या काळात पहिल्या फेरीत ओरिओल्सने एकाही पिचरची निवड केली नाही. फलंदाज घडवायचे आणि पिचर बाहेरून आणायचे, असे हे धोरण. त्यातून आलेला कॉर्बिन बर्न्स एका हंगामानंतर ॲरिझोनाकडे गेला. कायल ब्रॅडिशच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. पर्यायी फळी कमी पडली. २०२५ मध्ये रचमनही दुखापतीमुळे काही काळ बाहेर होता.

आता घाई कशाची?

मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली, की खेळाडू कोणत्याही संघाशी करार करण्यास मोकळा होतो. नवा करार न झाल्यास रचमन २०२७च्या, तर हेंडरसन २०२८च्या हंगामानंतर संघ सोडू शकतो. म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये २१ वर्षीय सॅम्युएल बसायोशी संघाने आठ वर्षांचा, ६.७ कोटी डॉलरचा करार केला. ओरिओल्सने अखेरचे जगज्जेतेपद १९८३ मध्ये मिळवले. तरुण खेळाडूंनी प्लेऑफचे दार उघडून दिले. पण ते हाताशी आहेत तोवर भरवशाचे पिचर उभे न केल्यास पुन्हा तळापासून सुरुवात करण्याची वेळ येऊ शकते.