स्टेडियमचा पडदा ‘आवाज!’ म्हणतो अन् हजारो लोक ओरडतात. यामागे तंत्र काय?

यवतमाळ : यवतमाळहून वर्धामार्गे नागपूरला जाताना जामठ्याचं व्हीसीए स्टेडियम लागतं. तिथे सामना पाहिला असेल, तर षटकारानंतर मोठ्या पडद्यावर उसळणारी अक्षरं आणि टाळ्यांचे हात तुम्ही पाहिले असतील. आता भाड्याच्या एलईडी भिंती गावच्या कबड्डी स्पर्धांपर्यंत पोहोचल्या आहेत. हे ॲनिमेशन कसं बनतं आणि त्यात धोका कोणता, समजून घेऊया.

सुरुवात कुठे झाली?
मित्सुबिशी इलेक्ट्रिकचा ‘डायमंड व्हिजन’ हा रंगीत महापडदा १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये लागला. आपल्याकडे २००८ पासून आयपीएल आणि २०१४ पासून प्रो कबड्डीने ही सवय घरोघरी नेली.

नुसता स्पीकर का पुरत नाही?
आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १५० मीटर रुंद मैदानाच्या पलीकडे तो जवळपास ०.४४ सेकंद उशिरा पोहोचतो. टाळीचा ठेका दर अर्ध्या सेकंदाला असेल, तर पलीकडचा प्रेक्षक जवळजवळ एक ठेका मागे पडतो. प्रकाशाला असा उशीर लागत नाही. म्हणून पडद्यावरचे हात बघून सगळं मैदान एकाच ठेक्यात टाळ्या वाजवू शकतं.

डिझाइन करताना काय बघतात?
आधी पडद्याचा ‘पिच’, म्हणजे दोन दिव्यांमधलं अंतर. पी-४ पडद्यावर ते ४ मिलिमीटर असतं. ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच पी-४ भिंतीवर फक्त १००० बाय ७५० ठिपके मिळतात. ढोबळ नियम असा, की १५० मीटरवरून ठसठशीत दिसायला अक्षर सव्वा मीटर उंच हवं. त्यामुळे शब्द एक-दोनच ठेवतात. देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांना जागा सोडावी लागते. बारीक फॉन्टमध्ये अनुस्वार आणि रफार हरवतात.

क्लिप आफ्टर इफेक्ट्समध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या ब्लेंडरमध्ये बनते. ती काही सेकंदांचीच असते आणि शेवट सुरुवातीला जुळवलेला असतो, म्हणजे हवी तितका वेळ फिरवता येते. ‘चौकार’, ‘विकेट’, ‘सुपर रेड’ अशा क्लिप आधीच तयार असतात. ऑपरेटर प्रसंग बघून बटण दाबतो. अनेक ठिकाणी दिसणारा ‘आवाज मीटर’ही आधी बनवलेली क्लिपच असते, तो काही मोजत नाही!

धोका कोणता?
भराभर लुकलुकणारा प्रकाश. प्रकाशाने झटके येणाऱ्या अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, रुग्णांसाठी तो घातक ठरू शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनुसार सेकंदात ३ पेक्षा जास्त वेळा लुकलुकणं टाळायला हवं. गडद लाल रंग अधिक त्रासदायक. पडदा जितका मोठा आणि जवळ, तितकी काळजी जास्त.

गावात स्पर्धा घेताय?
पडदा खेळाडूच्या थेट नजरेसमोर लावू नका. चढाई सुरू असताना ॲनिमेशन थांबवा. तेव्हा ३० सेकंदांचा टायमर आणि गुण पुरेत. रात्री ब्राइटनेस कमी करा. आणि क्लिप बनवणाऱ्या पोराला पडद्याचे ठिपके आणि मैदानाचं अंतर आधीच सांगा. मोबाइलवर झकास दिसणारी क्लिप शेवटच्या रांगेतून वाचता येतेच असं नाही, म्हणून सामन्याच्या आदल्या रात्री तिथे उभं राहून एकदा बघून घ्या.