पासष्टी ओलांडली, आता पगार कुणाकडे मागायचा?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक संपत आली होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि गटातली एक आजी हळूच म्हणाली, "ताई, माझे दीड हजार बंद झाले. माझं काय चुकलं?"

कागद पाहिले. आजीचं काहीच चुकलं नव्हतं. तिला पासष्ट वर्षं पूर्ण झाली होती, एवढंच. लाडकी बहीण योजना २१ ते ६५ या वयासाठी आहे. "मग आता मला म्हातारीचा पगार लावून द्या," आजी म्हणाली. आपल्याकडे निराधारच्या, श्रावणबाळच्या पैशाला पगारच म्हणतात. खरी अडचण इथेच सुरू झाली, आणि तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

श्रावणबाळ योजना ६५ वर्षांपासून पुढे लागू होते. म्हणजे एक योजना संपते तिथे दुसरी सुरू होते, असं वाटतं. पण दोन्हींची उत्पन्नाची अट बघा. लाडकी बहीणसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. श्रावणबाळसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं, नाहीतर २१ हजारांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. वर्षाला २१ हजार म्हणजे सगळ्या घराचे मिळून दिवसाला साधारण ५७ रुपये! कोणत्या गावात एवढ्यावर घर चालतं? आमच्या आजीच्या मुलाचा दाखला साठ हजारांचा आहे. तो मजुरीला जातो. काल आजी सरकारच्या लेखी गरजू होती. आज वय वाढलं, गुडघे दुखायला लागले, आणि कागदावर ती गरजू राहिली नाही.

हा एका आजीचा प्रश्न नाही. आपल्या गटातल्या पन्नाशी-साठीच्या सगळ्याजणी याच वाटेनं जाणार आहेत.

आता हा पैसा येतो कुठून ते समजून घेऊ. कारण कुणाकडे काय मागायचं हे कळलं नाही, तर आपलं निवेदन नुसतं फिरत राहतं.

दारिद्र्यरेषेच्या यादीतल्या वृद्धांना जे १५०० रुपये मिळतात, ते दोन खिशांतून येतात. एक खिसा केंद्र सरकारचा. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत केंद्र ७९ वर्षांपर्यंतच्या माणसाला महिन्याला २०० रुपये देतं आणि ८० वर्षांनंतर ५०० रुपये. बाकीची भर राज्याची. ज्यांचं नाव यादीत नाही पण उत्पन्न २१ हजारांच्या आत आहे, त्यांचे सगळे पैसे राज्य देतं.

केंद्राची ही मदत १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा ७५ रुपये होती. २००६ साली ती २०० झाली. तेव्हापासून तिथेच आहे. दिवसाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत. राज्याची रक्कम मात्र वाढली. ६०० रुपये होते, ते २०१९ मध्ये एक हजार झाले आणि २०२३ मध्ये दीड हजार. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना महागाई वाढली की वर्षातून दोनदा महागाई भत्त्याचा हिशोब होतो. आपल्या म्हाताऱ्यांच्या पगाराला तशी सोय नाही. कुणीतरी मागेल आणि सरकारच्या मनात येईल, तेव्हाच तो वाढतो.

आणि मागणारे आहेत, मैत्रिणींनो. मे २०१२ मध्ये देशभरातले म्हातारे दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन बसले होते. पेन्शन परिषद नावाच्या मंचानं ते जमवलं. त्यात राजस्थानच्या अरुणा रॉय होत्या आणि आपल्या पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढावही होते. हमालानं, मोलकरणीनं, शेतमजूर बाईनं आयुष्यभर देशाचं काम केलं, मग म्हातारपणी तिला किमान मजुरीच्या निम्मी रक्कम तरी मिळाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ही भीक नाही, हक्क आहे, हा त्यातला मुद्दा.

दुसरं उदाहरण बुलढाण्याचं. एसटी, साखर कारखाने, सहकारी संस्था अशा ठिकाणी नोकरी केलेल्यांना 'ईपीएस ९५' नावाची पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम २०१४ पासून एक हजार रुपये आहे. ती साडेसात हजार करा आणि त्यावर महागाई भत्ता द्या, म्हणून या निवृत्तांनी डिसेंबर २०१८ मध्ये बुलढाण्यात साखळी उपोषण सुरू केलं. पण ते नुसते मंडपात बसले नाहीत. खासदारांना भेटत राहिले. मार्च २०२० मध्ये खासदार हेमा मालिनी यांच्यासोबत त्यांचं शिष्टमंडळ थेट पंतप्रधानांपर्यंत गेलं. एवढं करूनही लगेच रक्कम वाढली नाही. म्हणून एका निवेदनानं काम होईल असं समजू नका. पण अपंग बांधवांचं बघा. मानधन वाढवा म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, उपोषणं झाली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून राज्यानं त्यांचे दीड हजारांचे अडीच हजार केले. पूर्ण मागणी मान्य झाली नाही, पण मागितलं म्हणून हललं.

मग आपण काय करायचं?

पहिलं, यादी करा. गावात ६० वर्षांवरच्या बाया किती, पगार कुणाला मिळतो, कुणाला नाही, आणि का नाही. वय, यादीतलं नाव, दाखला, आधार जोडलेलं खातं, जे कारण असेल ते समोर लिहा. एक अर्ज चुकला असेल तर तो तहसीलमध्ये दुरुस्त होतो. पण दहा जणींचं कारण एकच निघालं, तर ते नियमातलं आहे आणि नियम मुंबई-दिल्लीत बदलतात.

दुसरं, ग्रामसभेआधी महिला सभा असते. तिथे ठराव मांडा आणि ग्रामसभेत मंजूर करून घ्या. ठरावानं सरकार बांधलं जात नाही हे खरं. पण आमदारांच्या हातात पंधरा गावांचे ठराव एकदम पडले, तर त्यांना ते बाजूला ठेवता येत नाहीत.

तिसरं, निवेदन योग्य दारी न्या. २१ हजारांची अट वाढवा, लाडकी बहीण जिथे संपते तिथे श्रावणबाळ आपोआप सुरू करा, हे आमदारांना सांगा आणि अधिवेशनात प्रश्न विचारा म्हणा. केंद्राचे २०० रुपये वाढवा आणि महागाईला जोडा, हे खासदारांना सांगा. दोन मागण्या, दोन वेगळे कागद. कोणत्याही पक्षाचे असोत, सगळ्यांना सारखंच द्या. शिक्का मारलेली पोच घ्या आणि ती ग्रामसंघाच्या फाइलला लावा. दोन महिन्यांनी तीच पोच घेऊन परत जा.

आमच्या गटानं यादी सुरू केली आहे. पहिलं नाव त्या आजीचं आहे. वयाच्या रकान्यात ६५ लिहिलं, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "लिही, अजून जिवंत आहे."

तुमच्या गावची यादी पुढच्या बैठकीत उघडा. नमस्कार.