स्टेशनजवळची दाटी आणि गिरीजची वाडी

स्टेशनजवळ जास्त बांधकामाला मुभा मिळणार, असं कानावर आलं की वसईच्या पश्चिम पट्ट्यातला माणूस आधी धास्तावतो. हरित पट्टा राखण्यासाठी इथल्या गावांनी रस्त्यावर उतरून लढे दिले आहेत, त्यामुळे ही धास्ती उगाच नाही. पण तिच्यात काही गैरसमजही मिसळले आहेत.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की आज स्टेशनजवळ टॉवर आले तर उद्या ते गिरीजसारख्या बागायती वाड्यांच्या गावात येणारच. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात स्टेशनजवळच्या या दाट विकासाची हद्द माणसाच्या चालण्यावर ठरवली आहे: स्थानकापासून ५०० ते ८०० मीटर, म्हणजे दहा-बारा मिनिटांची वाट. गिरीजहून वसई रोड स्टेशन गाठायला बस नाहीतर रिक्षा लागते. या धोरणाचं नाव घेऊन कुणी गिरीजमध्ये जादा एफएसआय (प्लॉटच्या मानानं बांधकामाचं प्रमाण) मागत असेल, तर ती मागणी मुळात धोरणातच बसत नाही.

उलट, घरांची गरज स्टेशनाजवळ भागली नाही तर ती वाड्यांकडे सरकते, आणि पहिला भराव पडतो तो बावखलात. बावखल म्हणजे डबकं नव्हे. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आसपासच्या विहिरींना पुरतं आणि समुद्राचं खारं पाणी आत शिरू देत नाही. पूर्वी रहाटानं हेच पाणी ओढून केळी भिजवायचे. एक बावखल बुजलं की त्याची झळ शेजारच्या वाड्यांनाही लागते.

एफएसआय वाढला की तितकीच माणसं वाढतात, हेही खरं नाही. १००० चौरस मीटरच्या प्लॉटवर एफएसआय ४ म्हणजे ढोबळमानानं ४००० चौरस मीटर बांधकाम. त्यात ५० चौरस मीटरची ८० घरं बसतील किंवा २०० चौरस मीटरची फक्त २०. नालासोपाऱ्यात जुन्या इमारती बहुतेक बुटक्याच, तरी दाटी केवढी! तिथे घरं आधी झाली. पाणी, गटारं, चालायला फुटपाथ मागे राहिले. जुलै २०१८ मध्ये त्याच भागात रुळांवर पाणी साचलं आणि लोकल अडकल्या. त्या दाटीला नियोजन म्हणणं चूक आहे.

लोकलची गर्दी वाढेल, ही भीती मात्र मला गैरसमज वाटत नाही. नुसती घरं बांधली तर ती वाढेलच. म्हणून स्टेशनाशेजारी कचेऱ्या, दुकानं, दवाखानेही हवेत. नवी मुंबईत सिडकोनं वाशीला स्टेशनाच्याच इमारतीत कचेऱ्यांना जागा केली. वसईहून सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तर विरारकडे परतणाऱ्या गाडीत बसायला मिळतं. वसई रोडला नोकऱ्या आल्या, तर त्या मोकळ्या बाकांवर बसून लोक इकडे कामाला येतील.