मातीचा श्वास

यवतमाळ जिल्ह्यांतील काळी जमीन कापसाची जननी म्हणून सर्वांस ठाऊक आहे; परंतु ती अग्नीची लेक आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर लाव्हारस पसरला. त्याच्या थिजलेल्या थरांची झीज होऊन ही माती झाली. शिबला-पारडी येथें त्या रसाचे निवतां निवतां तडकून बनलेले दगडी खांब आजही पाहावयास मिळतात. आमच्याकडील तो अग्नि कधींच विझला. पण जेथें तो अजून जागा आहे, तेथें त्याची वर्दी कोण देतें?

तीही मातीच देते. सोड्याच्या बाटलीचें बूच काढतांच वायु फसफसतो. तसाच खोलवरचा शिलारस वर चढून त्यावरील दाब घटला कीं त्यांतील कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, इतर वायूंच्या आधीं सुटून मातींतून झिरपतो. शास्त्रज्ञ जमिनीवर एक भांडें पालथें घालून त्यांत हा वायु किती वेगानें साठतो तें यंत्रानें मोजतात. मुळें व सूक्ष्म जंतु हेही हाच वायु सोडतात. म्हणून एका दिवसाच्या मोजणीनें भागत नाहीं. नाडी पाहणाऱ्या वैद्यास निरोगी नाडीची ओळख हवी, तशी येथें नित्याच्या श्वासाची नोंद हवी. सिसिलींतील एटना पर्वतावर अशीं यंत्रें अहोरात्र चालतात.

कॅलिफोर्नियांतील मॅमथ पर्वताखालीं १९८९ सालीं लहान भूकंपांची मालिका झाली व पुढील वर्षीं तेथील झाडें वाळूं लागलीं. प्रथम अवर्षण व कीड यांवर ठपका आला. १९९४ सालीं माती तपासली, तेव्हां मुळांपाशीं हाच वायु कोंडलेला आढळला.

आमच्या वाचकांस ज्वालामुखीचें भय नाहीं. परंतु हा वायु हवेहून जड, वर्णहीन व गंधहीन असल्यानें धान्याच्या पेवांत आणि पडीक विहिरींतही तळाशीं साठतो. एक मनुष्य बेशुद्ध पडतो, त्याच्या मदतीस दुसरा उतरतो आणि दोघेही दगावतात. सोडलेला दिवा विझला तर कोणासही उतरूं देऊं नये. न विझला तरी निर्धास्त होऊं नये, कारण ज्योत तेवत असतांही ही हवा घातक असूं शकते, शिवाय ज्वालाग्राही वायु असल्यास तोच दिवा भडका उडवील. आतां वायुमापक यंत्रें मिळतात. तीं वापरावींत, हवा खेळती करावी व वर दोरासह माणसें ठेवावींत. घरांतील वडीलधाऱ्यांनीं एवढें गडीमाणसांच्या बाबतींतही कटाक्षानें पाळावें, अशी आमची विनंति आहे.