पाणी आगीला हरवत नाही

बेळगाव-निपाणीकडच्या शाळांतल्या वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जाणाऱ्याला काही विषय चुकत नाहीत. 'विज्ञान : शाप की वरदान' हा त्यातला राजा. त्याच्या खालोखाल येतो 'पृथ्वी, आप, तेज, वायू : सर्वांत बलवान कोण?' विषयाला माझी हरकत नाही. तसाही 'मोठं कोण' हा वाद सीमाभागात कुणाला शिकवावा लागत नाही. हरकत आहे ती एका हमखास वाक्याला. पाण्याच्या बाजूनं बोलणारा विद्यार्थी हात उंचावतो आणि म्हणतो, "अग्नी कितीही भडकू दे, पाण्याची एक बादली त्याला पुरून उरते!" टाळ्या पडतात. मुलांच्या पडतात, पालकांच्या पडतात, आणि शेजारी बसलेले दुसरे परीक्षक मान डोलवत गुण लिहीत असतात.

मुलाला दोष नाही. त्यानं जे ऐकलं तेच तो बोलला. पण हे वाक्य नुसतं चुकीचं असतं तर मी सोडून दिलं असतं. ते घरी नेऊन स्वयंपाकघरात वापरलं तर माणूस भाजतो, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, आग हा पदार्थच नाही. लाकूड, पाणी, हवा हे पदार्थ आहेत. त्यांना वजन आहे, ते डब्यात भरून ठेवता येतात. आग ही एक क्रिया आहे. जळणारी वस्तू, पुरेशी उष्णता आणि ऑक्सिजन एकत्र आले, आणि त्यातून सुटणारी उष्णता पुढच्या कणाला पेटवत राहिली, की आग चालू राहते. यातलं काहीही एक काढून घ्या, आग थांबते. म्हणजे आग विझवायला पाणीच लागतं असं नाही. झाकण लागतं, वाळू लागते, गॅसची तोटी बंद करणारा हात लागतो. मग वाळूनं आग विझली तर पृथ्वी जिंकली म्हणायचं का? फुंकरीनं मेणबत्ती विझते, तेव्हा वायू? आणि तीच फुंकर चुलीत फुंकणीतून घातली की जाळ होतो, तेव्हा वायू कुणाच्या बाजूचा?

पाणी आग विझवतं ते मुख्यतः उष्णता शोषून. ३० अंशांचं एक लिटर पाणी उकळीपर्यंत तापायला सुमारे २९० किलोज्यूल उष्णता लागते. पण उकळीला आलेल्या पाण्याची वाफ व्हायला आणखी २,२५० किलोज्यूल! विझवण्याचं सोळा आण्यांतलं जवळजवळ चौदा आणे काम वाफ होण्यात आहे. (आणे मोजणारी पिढी संपली, पण हिशोब कळला असेल.) म्हणून शिकलेला अग्निशामक जवान सरसकट जोरदार झोत मारत नाही; शक्य तिथं पाण्याचा बारीक फवारा करतो, कारण बारीक थेंबांची वाफ चटकन होते. बादलीनं फेकलेलं पाणी बरंचसं न तापताच जमिनीवर वाहून जातं. भाषणातली ती एक बादली म्हणजे पाणी वापरण्याची सर्वांत वाईट रीत.

आता खरी गंमत पुढे आहे. १७८३ साली पॅरिसमध्ये लाव्हाझिएनं दाखवून दिलं की पाणी हे मूलतत्त्व नव्हेच. हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जळला की जे उरतं ते पाणी. लाकूड जळून राख होते, तसं हायड्रोजन जळून पाणी होतं. म्हणजे जे आगीचा वैरी म्हणून व्यासपीठावर मिरवतं, ते आगीतूनच जन्मलेलं आहे. ते पेटत नाही याचं कारणही हेच: ते आधीच जळून झालेलं आहे.

आणि ही राख पुन्हा उलगडतासुद्धा येते. मॅग्नेशियम पेटलेलं असताना त्यावर पाणी टाका, तो धातू पाण्यातला ऑक्सिजन हिसकावून घेतो आणि हायड्रोजन मोकळा करतो. तो हायड्रोजन तिथल्या तिथे भडकतो. इथे पाण्यानंच आगीला इंधन पुरवलं. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे भागात किंवा कोल्हापूरच्या फौंड्र्यांमध्ये काम करणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही, कारण एसजी आयर्न नावाचं बीड ओतताना मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरावाच लागतो. त्याहून मोठी भीती तिथे वेगळी असते. लोखंडाचा रस चौदाशे अंशांच्या आसपास असतो. ओलसर भंगार भट्टीत गेलं, किंवा रस घेणारी लेडल नीट वाळवून तापवलेली नसली, की रसाखाली अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ सतराशे लिटरच्या घरात जागा मागते, आणि जागा नसेल तर ती करून घेते. वितळलेलं लोखंड छतापर्यंत उडतं. माझा एक जुना विद्यार्थी अशाच कारखान्यात आहे. त्याला मी हे बादलीचं वाक्य सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "लेडल ओली राहिली तर सुट्टीच ओ सर. सगळ्यांचीच, कायमची."

फौंड्रीत सगळे जात नाहीत, स्वयंपाकघरात सगळे जातात. तेल तापत ठेवून फोन घ्यायला गेलात आणि कढई पेटली, तर हात आपोआप पाण्याकडे जातो. शाळेत टाळ्या मिळालेलं वाक्य इथे जीवावर येतं. पेटलेलं खाद्यतेल साडेतीनशे अंशांच्या आसपास असतं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी जातं, तिथे त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटतं तेल थेंबाथेंबांनी हवेत उडवते. आधी कढईपुरती असलेली आग क्षणात ओट्यावर, अंगावर, पडद्यावर. करायचं ते इतकंच: गॅस बंद, कढईवर घट्ट झाकण किंवा ताट सरकवायचं, आणि थंड होईपर्यंत उघडून बघायचं नाही. पेटलेली कढई उचलून मोरीकडे न्यायची तर अजिबात नाही.

विजेच्या पंपाच्या पेटीत ठिणग्या उडत असताना पाणी मारणाऱ्याबद्दल वेगळं लिहीत नाही. आधी मेन स्विच.

पाणी आग विझवत नाही एवढ्यावर थांबत नाही, ते आग लावतंही. चुनकळीवर पाणी ओता आणि हात जवळ धरा. त्या उष्णतेनं शेजारचा वाळला पाला पेटल्याची उदाहरणं आहेत, म्हणून चुनकळी गवताजवळ ठेवू नये. ओलसर गवताची गंजी रचली तर आत जंतूंमुळे उष्णता साठते, साठ-सत्तर अंशांपुढे रासायनिक क्रिया सुरू होतात आणि काही आठवड्यांनी कुणी काडी न लावता गंजी आतून पेटते. वाळल्या गवताची गंजी अशी आपोआप तापत नाही. शेजाऱ्यानं जळून पेटवली असा संशय घेण्याआधी गवत किती ओलं रचलं होतं ते आठवावं. साखर कारखान्यातल्या बगॅसच्या ढिगाची आणि वखारीतल्या दाबून भरलेल्या तंबाखूची आग अशीच आतल्या आत धुमसते. वरून कितीही पाणी मारा, वरचा थर भिजतो आणि आतलं चालू राहतं. ढीग उपसल्याशिवाय ती विझत नाही. निपाणीत हे मी सांगायला नको.

तेव्हा पाणी आगीला हरवतं हे काही परिस्थितींत खरं, काहींत खोटं आणि काहींत उलटं. कुस्तीत कोण कुणाला चीत करतो यावरून मल्लांची क्रमवारी लागते, महाभूतांची नाही. कारण आखाड्यात दोघेच असतात. निसर्गात एक भूत एकटं कधीच येत नाही.

याचा सर्वांत ठळक पुरावा निपाणीपासून सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला सहा रिश्टरच्या वरचा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. पृथ्वीचा कोप, असं भाषणात म्हणायला सोपं. पण भूकंपशास्त्रज्ञ हा धक्का कोयना धरणाच्या जलाशयाशी जोडतात. जलाशयाचा भार आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोल भेगांत दाबानं मुरलेलं पाणी, यामुळे आधीच ताणलेला खडक सरकला, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. ताण पृथ्वीचा, निमित्त पाण्याचं. आता गुण कुणाला द्यायचे?

गोकाकचा धबधबाही वक्त्यांचा लाडका. घटप्रभा तिथे ५२ मीटर खाली कोसळते आणि 'पाण्याची शक्ती' म्हणून हात दाखवला जातो. हिशोब करू. सेकंदाला एक घनमीटर पाणी ५२ मीटर पडलं तर सुमारे ५१० किलोवॉट शक्ती मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोकाकची सूतगिरणी याच शक्तीवर उभी राहिली. पण ही शक्ती पाण्यात कुठे होती? तेच पाणी वर हिडकलच्या जलाशयात निवांत पडलेलं असतं. शक्ती आहे ती उंचीत, म्हणजे पृथ्वीच्या ओढीत. आणि ते पाणी सह्याद्रीवर चढवलं कुणी? समुद्रावर तळपणाऱ्या उन्हानं आणि ढग वाहून आणणाऱ्या वाऱ्यानं. धबधबा बघताना चारही भूतांची बेरीज आपण बघतो आणि एकाच्या नावावर लावतो. त्या कड्याचा दगड पाण्यानं कापला हेही अर्धंच खरं. तो कठीण वालुकाश्म आहे. त्याला झिजवतात ते पाण्याबरोबर घासत जाणारे वाळू आणि गोटे. वाहतूक पाण्याची, कापकाम मातीचं.

'आपल्याकडे पंचमहाभूतं, चार ही ग्रीकांची कल्पना,' हेही प्रत्येक वेळी कुणीतरी उठून सांगतं. सांगणाऱ्यानं चार्वाक वाचलेले नसतात. आकाश दिसत नाही, सबब ते मानत नाही, असं म्हणून त्यांनी चारच भूतं ठेवली. बौद्धांच्या महाभूतांतही पृथ्वी, आप, तेज, वायू ही चारच. पाच मानणाऱ्यांतही श्रेष्ठत्वाचा निकाल लागत नाही. तैत्तिरीय उपनिषदात आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून पाणी आणि पाण्यापासून पृथ्वी असा क्रम आहे. आधी आलेला मोठा मानला तर आकाश जिंकतं. पण त्याच परंपरेत गुण मोजले तर आकाशाला एकटा शब्द मिळतो आणि पृथ्वीला शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध असे पाचही. ग्रीकांकडेही थेलीसनं पाणी, अ‍ॅनाक्झिमिनीसनं हवा आणि हेराक्लायटसनं अग्नी धरून ठेवला होता. चारही एकत्र आणले ते सिसिलीतल्या एम्पेडोक्लीसनं, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, आणि त्यानं चौघांना सारख्याच बळाचे म्हटलं. ज्याच्या नावावर चार तत्त्वं खपतात, त्यानंच ही स्पर्धा रद्द केली होती. हे मुद्दे मांडणारा एखादा विद्यार्थी मिळाला तर मी बाकीचे कागद न तपासताच पहिला नंबर देईन.

उरलेले गैरसमज भराभर.

हवेला वजन नसतं? आठ बाय सहा मीटरच्या, साडेतीन मीटर उंच वर्गात बेळगावच्या उंचीवर सुमारे १८० किलो हवा असते.

पाणी १०० अंशांवर उकळतं? समुद्रकाठी. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, इथे ते साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. प्रयोगवहीत १०० लिहिलेलं दिसलं की समजावं, थर्मामीटर पेटीतून बाहेर निघाला नाही.

सूर्य हा आगीचा गोळा? सूर्यात काहीही जळत नाही. तिथे हायड्रोजनची केंद्रकं जुळून हेलियम होतं, सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन या कामी येतो आणि त्यातल्या ४० लाख टनांची ऊर्जा होते. तो कोळशासारखा जळत असता तर काही हजार वर्षांत संपला असता.

आकाशातली वीज म्हणजे आग? तीही नाही. ती विद्युतप्रवाहानं तापलेली हवा आहे, तीस हजार अंशांपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. तेज म्हणावं की वायू, हे वादपटूंनी ठरवावं.

पुरात फक्त खोली धोक्याची? नाही, वेगही. सेकंदाला दोन मीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानं वाहणारं पाणी अंगावर जेवढा दाब देतं, तेवढा द्यायला वाऱ्याला ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वाहावं लागतं, कारण पाणी हवेच्या आठशेपटींहून जड आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा आहे की फूटभर वाहतं पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक सगळ्या गाड्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली, तेव्हाही 'गुडघाभरच तर आहे' म्हणणारे होतेच. फूटभर पाणी गुडघ्याच्या खालीच येतं. अशा वेळी गाडी वळवून निपाणीत मुक्काम करावा. निपाणीत लॉज आहेत.