पात्याला पीळ नाही, तर हौदात पाणी नाही

खळ्यावर ज्वारी उपणताना वारा बघून पाटी कशी धरायची, हे आपल्या सोलापूर भागात कुणाला शिकवावे लागत नाही. पण त्याच वाऱ्यावर पाणी उपसायचे म्हटले, की पाते म्हणजे नुसता पत्रा असे आपण समजतो. ही चूक मी स्वतः केली आहे.

जिल्ह्यातील एका गावात जनावरांच्या हौदावर पवनचक्की होती. वादळात तिची पाती वाकली. जाड, सपाट पत्र्याची नवी पाती ठोकून घ्या, असे मीच सांगितले. साध्या वाऱ्यावर चक्की फिरेना. ऐन उन्हाळ्यात बायाबापड्यांना डोक्यावरून पाणी आणून हौद भरावा लागला.

मग गावच्या हायस्कूलातील नववीची मुले हाताशी घेतली. पीव्हीसी पाइप उभा चिरून पाती कापली, लाकडी चकतीवर बसवली. आसाला दोरी, दोरीला खड्यांचा डबा आणि समोर टेबल फॅन. डबा किती सेकंदांत वर येतो, ते वहीत मांडायचे. पाते वाऱ्यासमोर सपाट धरले, चाक हलेना. धार वाऱ्याकडे केली, तरी हलेना. थोडे तिरपे करताच डबा वर आला.

एका मुलीने विचारले, "साहेब, टोक बुडापेक्षा जोरात पळतंय, मग दोन्हीकडं कोन एकच कसा चालंल?" सगळी विद्या या प्रश्नात आहे. पाते बुडाशी जास्त तिरपे आणि टोकाकडे कमी तिरपे हवे. यालाच पीळ म्हणतात.

पाणी उपसणाऱ्या चक्कीला पाती भरपूर असतात, कारण मंद वाऱ्यातही पंपाचा दट्ट्या उचलायला जोर लागतो. साताऱ्याकडे वनकुसवडे पठारावर वीज करणाऱ्या चक्क्यांना तीनच पाती असतात, कारण तिथे वेग हवा. पण पाते कितीही चांगले असो, वाऱ्यातील ५९ टक्क्यांहून जास्त शक्ती काढता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९२० साली मांडले.

मुलांच्या वहीवरून लोहाराने बाकदार, पिळाची पाती केली. हौद पुन्हा भरू लागला.

सरपंच व ग्रामसेवकांनी चक्की घेताना एवढे ध्यानात ठेवावे : चाकाचा व्यास दुप्पट तर शक्ती चौपट, वाऱ्याचा वेग दुप्पट तर शक्ती आठपट. म्हणून चक्की झाडा-घरांच्या आडोशाला नको, उंचावर हवी. आणि पाती बदलण्याआधी जुन्या पात्याचा साचा काढून ठेवावा. मी तो काढला नव्हता.